नवतपा आणि जुनी मोटार

मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला, की पुढल्या नऊ दिवसांना छत्तीसगडात नवतपा म्हणतात. रायपूरचा पारा या सुमारास ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढतो आणि दुपारी शहाणी माणसे पन्हे पिऊन घरात बसतात. मोटारीला ही सोय नाही. भोसल्यांच्या अमदानीपासून येथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांत, आणि इतरांतही, वडिलांची किंवा आजोबांची एखादी फियाट ११०० अजून जपून ठेवलेली आढळते. १९५६ पर्यंत नागपूर ही या प्रदेशाची राजधानी होती. त्या काळी नागपूर-रायपूर हा सुमारे ३०० किलोमीटरचा रस्ता अशाच गाड्यांनी तुडवला. आज तीच गाडी जयस्तंभ चौकातल्या गर्दीत पाच मिनिटे थांबली, की तापमापकाचा काटा तांबड्या रेषेकडे सरकू लागतो आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघते. मालक म्हणतो, ‘मोठा रेडिएटर बसवा.’ कारागीर बॉनेट उघडून आत पाहतो आणि मान हलवतो; कारण आत जागाच नसते.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा, तर आधी एक साधा हिशेब मांडला पाहिजे. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलातील उष्णतेपैकी ढोबळ मानाने चौथा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्यापैकी बरीचशी धुराड्यावाटे निघून जाते. आणि जवळजवळ एक तृतीयांश इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. ही पाण्यातली उष्णता हवेच्या स्वाधीन करणे एवढेच रेडिएटरचे काम. आता हवा किती उष्णता स्वीकारील, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील अंतरावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि बाहेरची हवा २० अंशांवर असेल, तर हे अंतर ७० अंशांचे. युरोपातल्या उन्हाळ्यात साधारण अशीच स्थिती असते आणि या गाड्यांचे मूळ आराखडे तेथेच आखले गेले. नवतप्यात हवाच ४५ अंशांवर असते. अंतर उरते ४५ अंशांचे. म्हणजे तोच रेडिएटर, तेच पाणी, तोच पंखा. पण काम मात्र दोन तृतीयांशाहूनही कमी. यात गाडीचा दोष नाही, कारागिराचाही नाही. तिला जे हवामान गृहीत धरून घडवले, ते येथे नाही, इतकेच.

ही एक तृतीयांश तूट भरून काढण्यासाठी मोठा रेडिएटर हा पहिला विचार सुचतो आणि तो चुकीचाही नाही. पण ‘मोठा’ या शब्दाचा अर्थ पाहावा लागतो. रेडिएटरचे खरे मोल त्याच्या दर्शनी क्षेत्रफळात, म्हणजे वाऱ्याला सामोऱ्या येणाऱ्या जाळीच्या रुंदी-उंचीत असते. जुन्या गाडीत नेमके हेच वाढवता येत नाही: दोन्ही बाजूंना मडगार्डांचे पत्रे, वर बॉनेटचा उतार, खाली आडवा पट्टा. राहते ती जाडी. दोन ओळींच्या नळ्यांऐवजी चार ओळींची जाळी घातली, की काम दुप्पट होईल असा समज सार्वत्रिक आहे. तो खरा नाही. पुढच्या ओळींतून तापून आलेली हवाच मागच्या ओळींना मिळते. ती आणखी किती उष्णता घेणार? शिवाय जाळी जितकी जाड, तितकी हवेची वाट बिकट. पंखा दुबळा असेल, तर जाड जाळीमुळे गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते, असा उलटा अनुभवही येतो.

अडचणीच्या जागेत रेडिएटर बसवण्याचा पेच मोटारीच्या जन्माइतकाच जुना आहे. १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. थोड्या जागेत पुष्कळ पृष्ठभाग मावला पाहिजे, हे सूत्र त्याने सिद्ध केले. १९३६ च्या छोट्या फियाट ५०० मध्ये तर इटालियन अभियंत्यांनी रेडिएटर इंजिनाच्या मागे आणि वर नेऊन ठेवला, म्हणून गाडीचे नाक उतरते करता आले. १९५९ च्या मिनी गाडीत अॅलेक इसिगोनिस याने इंजिन आडवे बसवले आणि रेडिएटर त्याच्या बाजूला चाकाच्या कमानीकडे वळवला. रेडिएटर पुढेच असला पाहिजे असे नाही. त्याच्यापर्यंत थंड हवा पोहोचली पाहिजे आणि तापलेली हवा निघून गेली पाहिजे.

रायपूरच्या फियाटमध्ये दुर्लक्ष होते ते याच वाटेकडे. रेडिएटर आणि पत्रे यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना बोटभर, कधी चार बोटे फट असते. हवा आळशी असते. दाट जाळीतून जाण्यापेक्षा ती या फटींतून सटकते. गाडी उभी असताना तर इंजिनाकडची तापलेली हवा याच फटींतून वळसा घालून पुन्हा जाळीच्या पुढे येते आणि पंखा तीच परत ओढतो. पत्र्याच्या पट्ट्या आणि रबर लावून या फटी बुजवणे हे अर्ध्या दिवसाचे काम. नव्या रेडिएटरच्या तुलनेत त्याचा खर्च नगण्य. दुसरी गोष्ट पंख्याभोवतीच्या कवचाची. उघडा पंखा आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो, जाळीचे चारही कोपरे रिकामे राहतात. जाळीच्या कडांपासून पंख्यापर्यंत निमुळते होत जाणारे पत्र्याचे कवच बसवले, म्हणजे सगळी जाळी कामाला लागते. पंख्याची पाती या कवचात साधारण निम्मी आत आणि निम्मी बाहेर असावीत.

एवढे करूनही भागले नाही, तर जाळी बदलावी. पण जुन्या रेडिएटरच्या वरच्या-खालच्या पितळी टाक्या टाकून देऊ नयेत. त्याच टाक्यांना तांब्या-पितळेची, अधिक दाट नळ्यांची नवी जाळी डाख देऊन जोडणारे कारागीर असतात. बाहेरून रेडिएटर मूळचाच दिसतो आणि बसतोही मूळच्याच जागी. त्यासाठी मडगार्डाचे पत्रे कापणे हा मात्र अविचारच म्हटला पाहिजे. रेडिएटर पुन्हा बदलता येतो, कापलेला पत्रा पुन्हा मूळचा होत नाही.

जाळीची जाडी ठरवण्यापूर्वी तिचा पुठ्ठ्याचा किंवा प्लायवुडचा नमुना करून जागी ठेवून पाहावा. बॉनेट मिटते का? पट्टा बदलायला हात आत जातो का? हँडल मारायचे भोक मोकळे राहते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, पंखा व जाळी यांत किती अंतर उरते? इंजिन रबराच्या बैठकींवर टेकलेले असते. जोराने ब्रेक दाबला की ते पुढे झुकते. उभ्या गाडीत अर्धा इंच पुरेसा वाटतो. केशकालच्या घाटात एखादा ट्रक अचानक समोर आला, की तोच अर्धा इंच संपतो आणि पाती जाळीत घुसतात. निदान एक इंच तरी मोकळा असावा. रेडिएटरही सांगाड्याला घट्ट आवळू नये. खड्ड्यांत सांगाडा पिळवटतो आणि तो पीळ डाखाच्या सांध्यांवर येऊन ते उकलतात. म्हणून मध्ये रबर हवे. बॉनेटखाली बसावा म्हणून रेडिएटर खाली उतरवला असेल, तर पाण्याची एक छोटी टाकी सर्वांत उंच जागी वेगळी द्यावी लागते. नाहीतर इंजिनाच्या माथ्यावर हवा कोंडते आणि रेडिएटर काठोकाठ भरलेला असूनही माथा कोरडा तापतो.

या माथ्यासाठीच तर सारा खटाटोप. फियाट ११०० चा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, पण डोके अॅल्युमिनियमचे. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. एकदा अति तापले, की डोके वाकते, गॅस्केट जळते आणि पाणी तेलात उतरते. अनेक दशकांपूर्वीच्या इंजिनाचे चांगले डोके शोधत फिरणे ही सोपी गोष्ट नव्हे. कित्येक गाड्या अशा एकाच दुपारीनंतर शेडमध्ये गेल्या, त्या तेथेच राहिल्या.

सर्वांना सुचणारा सोपा उपाय म्हणजे विजेचा पंखा. इंजिनाचा पंखा इंजिनाच्या वेगाने फिरतो. गर्दीत इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. विजेच्या पंख्याला ही अडचण नाही. पण या काळच्या गाड्यांत आल्टरनेटर नसून डायनामो असे, आणि इंजिन मंद असताना डायनामो जवळजवळ काहीच वीज देत नाही. म्हणजे गर्दीत पंखा चालतो तो बॅटरीच्या जिवावर. आधी आल्टरनेटर, मग पंखा, हाच क्रम योग्य. जागा असल्यास तो जाळीच्या मागे, हवा ओढणारा असावा. पुढे बसवलेला पंखा धावत्या गाडीत हवा अडवतो.

उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची एक रीत आहे. इंजिन तापल्यावर तो पूर्ण उघडलेलाच असतो. त्यामुळे काढून लाभ थोडा, आणि डिसेंबरच्या सकाळी इंजिन वेळेवर तापत नाही हा तोटा मात्र खरा. झाकणाचीही गोष्ट तशीच. दर चौरस इंचास ७ पौंडांचे दाबाचे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे ११० अंशांपर्यंत नेते, म्हणून ते उपयोगी. पण त्याहून जोरकस झाकण बसवले, तर तो दाब जुन्या पितळी टाकीच्या सांध्यांना सोसत नाही. आणि कोणतेही झाकण असो, इंजिन तापलेले असताना ते उघडू नये. दाब सुटताच ११० अंशांचे पाणी तत्क्षणी वाफ होऊन उसळते आणि उघडणाऱ्याचे तोंड व हात भाजतात.

काम पुरे झाल्यावर त्याची परीक्षा घेण्यास एक वर्तमानपत्राचे पान पुरते. त्याच्या तळहाताएवढ्या पट्ट्या कराव्यात. गाडी सावलीत उभी करून इंजिन मंद चालू ठेवावे आणि पट्ट्या जाळीच्या पुढल्या बाजूस, मध्यभागी व चारही कोपऱ्यांत धराव्यात. मध्यभागी कागद बहुधा चिकटतोच. कोपऱ्यांत तो चिकटून राहिला, तर कवच आणि पट्ट्या नीट बसल्या. गळून पडला, तर बॉनेट पुन्हा उघडावे आणि फट कोठे राहिली ते बोट फिरवून शोधावे.