एकच आकडा वारंवार आला, म्हणजे तो बरोबर?

डहाणू तालुक्यातील चिंचणी, डहाणू, बोर्डी आणि शेजारच्या तलासरी तालुक्यातील झाई ही गावे समुद्रकाठी आहेत. अशा ठिकाणी विहिरींचा उपसा फार झाला, की जमिनीखालून खारे पाणी आत सरकू शकते. पिण्याचे पाणी आणि चिकूच्या बागा या दोन्हींच्या दृष्टीने हा बदल वेळीच कळायला हवा. त्यासाठी पाण्यातील क्लोराइड मोजतात. समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे १९,००० मि.ग्रॅ. क्लोराइड असते. म्हणजे विहिरीत त्याचा शंभरावा भाग मिसळला, तरी क्लोराइड लीटरमागे सुमारे १९० मि.ग्रॅ.ने वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लीटरला २५० मि.ग्रॅ.पर्यंत क्लोराइड स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसल्यास १,००० मि.ग्रॅ.पर्यंत चालवून घेतात.

ही मोजणी अनुमापनाने होते. शंकुपात्रात ५० मि.ली. नमुना घेऊन त्यात दर्शक म्हणून थोडे पोटॅशियम क्रोमेट घालायचे आणि विटकरी छटा येईपर्यंत ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडायचे. ०.०१४१ नॉर्मल तीव्रतेचे १ मि.ली. द्रावण ०.५ मि.ग्रॅ. क्लोराइडला पुरते. समजा, २५ मि.ली. द्रावण लागले. मग ५० मि.ली. पाण्यात १२.५ मि.ग्रॅ., म्हणजेच लीटरला २५० मि.ग्रॅ. क्लोराइड आहे.

येथे रसायन आपले काम चोख करते. प्रश्न आहे तो ५० आणि २५ या दोन आकड्यांचा.

चंचुपात्रावरील रेषा केवळ अंदाजासाठी असतात. त्यांत शेकडा ५ पर्यंत चूक असू शकते. ५० च्या रेषेपर्यंत खरोखर ५२.५ मि.ली. पाणी मावत असेल, तर उत्तर २५० ऐवजी २६२ येईल, ४७.५ मावत असेल, तर २३८. पहिल्या वर्षी एक चंचुपात्र आणि दुसऱ्या वर्षी दुसरे वापरले, तर विहिरीत काहीच बदल झालेला नसताना पाणी खारावल्याचा निष्कर्ष निघेल. मोजपात्रात ही चूक ५० मि.ली.ला साधारण अर्धा ते एक मि.ली. असते, तर एकाच खुणेच्या चांगल्या पिपेटमध्ये ०.०५ ते ०.१ मि.ली. म्हणूनच नमुना पिपेटने घ्यावा.

आता समजा, तेच सदोष चंचुपात्र पाच वेळा काळजीपूर्वक भरले आणि उत्तरे आली २६१, २६२, २६३, २६२, २६२. ती एकमेकांशी छान जुळतात. या जुळण्याला परिशुद्धता म्हणतात. उत्तर खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे, ती अचूकता. वरील मोजणीत परिशुद्धता आहे, अचूकता नाही. पुनःपुन्हा मोजून परिशुद्धता कळते. तेवढ्याने अचूकता कळत नाही.

ब्युरेटचे वाचनही असेच फसवते. पाण्याची कड नळीच्या भिंतीवर चढते, म्हणून पृष्ठभागाचा सर्वांत खालचा बिंदू वाचायचा आणि डोळा त्याच पातळीत ठेवायचा. ब्युरेट टेबलावर उभी आहे आणि विद्यार्थी डोके न हलवता वाचतो आहे, असे समजा. शून्याची खूण त्याच्या डोळ्याच्या वर आहे. खालून पाहिल्याने सुरुवातीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो. शेवटची पातळी डोळ्याच्या खाली आहे. वरून पाहिल्याने तो आकडा लहान दिसतो, कारण ब्युरेटवरील आकडे खाली वाढत जातात. दोन्ही चुका एकाच दिशेच्या आहेत. वजाबाकी कमी येते आणि पाणी आहे त्यापेक्षा गोडे ठरते. तोच विद्यार्थी तेथेच उभा राहून दहा वेळा वाचेल, तरी चूक तशीच राहील.

मग अचूकता पडताळायची कशी? त्यासाठी वेगळे साधन लागते, आणि ते शाळेत असते: तराजू. काचसामानावर २०° किंवा २७° सेल्सिअस असे तापमान छापलेले असते, ते आधी पाहावे. २७° अंशांना ५० मि.ली. शुद्ध पाणी हवेत तोलले, तर ४९.७७ ग्रॅम भरते. कोरड्या, आधी तोललेल्या बाटलीत पिपेटने पाच वेळा पाणी घेऊन प्रत्येक वेळी तोलावे. पाचही वेळा ४९.३० च्या आसपास आले, तर हात स्थिर आहे, पण पिपेट सुमारे अर्धा मि.ली. कमी देते. तिचे टोक तुटले आहे का, आत तेलकटपणा आहे का, ती उभी धरून पूर्ण निथळू दिली का, हे तपासावे. टोकाशी उरणारा थेंब तेथेच राहू द्यावा. फुंकून काढायची पिपेट असल्यास तसे तिच्यावर लिहिलेले असते.

हा प्रयोग साध्या पाण्याने वर्गात करून घ्यावा. पिपेट तोंडाने ओढू नये, रबरी फुगा वापरावा. क्रोमेट विषारी आहे, म्हणून क्लोराइडचे अनुमापन शिक्षकांनीच करून दाखवावे. विहिरीच्या नोंदवहीत तारीख आणि आकड्याशेजारी कोणते पात्र वापरले व ते कधी तपासले, तेही लिहावे. पुढच्या उन्हाळ्यात आकडा वाढला, तर तो समुद्रामुळे की काचेमुळे, हे मग ठरवता येईल.