‘सुमिमासेन’ : एका जपानी शब्दाचे व्यवहारातील अर्थ

जपानी भाषेच्या प्राथमिक वर्गात ‘सुमिमासेन’ या शब्दाचा अर्थ बहुधा ‘माफ करा’ असा सांगितला जातो. हा अर्थ चुकीचा नाही. तथापि तो अपुरा आहे. दुभाष्याने तो सरसकट योजल्यास बोलणाऱ्याने कधीच न दिलेली कबुली त्याच्या तोंडी घातली जाण्याचा संभव असतो. या दृष्टीने प्रस्तुत लेखात या शब्दाच्या उपयोगांचा विचार केला आहे.

‘सुमु’ म्हणजे संपणे, मिटणे. त्याचे आदरार्थी नकारार्थी रूप ‘सुमिमासेन’. शब्दशः ‘संपत नाही’. काय संपत नाही? रूथ बेनेडिक्ट यांनी ‘द क्रिसॅन्थेमम अँड द सोर्ड’ (१९४६) या ग्रंथात याचे उत्तर ‘ओन’ म्हणजे उपकाराचे ऋण या कल्पनेत शोधले. मानसोपचारतज्ज्ञ ताकेओ दोई यांनी ‘आमाए नो कोझो’ (१९७१) या ग्रंथात भर दिला तो दुसऱ्यास पडलेल्या तोशिशीच्या जाणिवेवर आणि त्याची मर्जी गमावण्याच्या भीतीवर. दोई यांचे विवेचन अधिक पटते. कारण परतफेडीचा प्रश्नच उद्भवत नाही अशा क्षुल्लक प्रसंगीही हा शब्द सहज उच्चारला जातो.

उपाहारगृहात वाढप्याला हाक मारणे, गर्दीतून वाट मागणे, अनोळखी माणसाला पत्ता विचारणे या सर्व ठिकाणी तो चालतो. बोलण्यात त्याचे ‘सुइमासेन’ असेही होते. परक्यास अधिक बुचकळ्यात टाकतो तो कृतज्ञतेचा उपयोग. कोणी पडलेला रुमाल उचलून दिला, तर ‘आरिगातो’ऐवजी ‘सुमिमासेन’ म्हटले जाते. लाभापेक्षा देणाऱ्याचे कष्ट येथे आधी दिसतात. मराठी वाचकास हे अपरिचित वाटू नये. भेटवस्तू स्वीकारताना ‘कशाला एवढा त्रास घेतलात?’ असे आपल्याकडेही म्हणतातच. आणि तो प्रश्न नसतो, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते.

रिसाको इदे यांनी तोक्योमधील एका नेत्रचिकित्सालयातील संभाषणांच्या आधारे १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या शब्दाची सात कार्ये नोंदविली. त्यांत प्रामाणिक क्षमायाचना हे केवळ एक कार्य आहे. निरोप घेणे आणि परस्परांची दखल घेणे यांसाठीही तो वापरला जातो.

उलटपक्षी, अपराध खरोखर गंभीर असेल तेव्हा हा शब्द तोकडा पडतो. तेथे ‘मोशिवाके आरिमासेन’, म्हणजे ‘सांगण्यास सबब नाही’, असे म्हणावे लागते. घरच्या माणसांत व मित्रांत ‘गोमेन’ पुरते. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल ‘सुमिमासेन देशिता’ हे भूतकाळी रूप योजतात. तेव्हा मराठी भाषांतर करताना वाढप्यासाठी ‘अहो, जरा इकडे’, वाट मागताना ‘जरा जाऊ द्या’ आणि रुमाल घेताना ‘तुम्हांला उगाच त्रास’ असे वेगवेगळे पर्याय योजणे इष्ट ठरते.