स्वस्त होस्टिंग घेताना: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सप्टेंबरात कास पठार फुललं की मेढा, बामणोली, तापोळा या पट्ट्यात मुक्कामाची चौकशी वाढते. घरगुती निवास चालवणाऱ्याच्या संकेतस्थळावर असतं काय? चार-पाच पानं, खोल्यांचे फोटो, दर, फोन नंबर आणि यायचा रस्ता. एवढ्यासाठी महागडा सर्व्हर लागत नाही. ‘स्वस्त होस्टिंग म्हणजे फसवणूक’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळं वडाप जीपमधल्या प्रवाशांसारखी दाटीनं बसलेली असतात, त्यामुळे प्रत्येकाला भाडं कमी पडतं.

पण मग ‘अनलिमिटेड’ काय असतं? खरं तर काहीच नाही. प्रोसेसर, मेमरी, फायलींची एकूण संख्या या सगळ्यांना मर्यादा असते आणि ती जाहिरातीत नव्हे, अटींच्या पानावर सापडते. मराठी मजकुरामुळे जागा संपेल ही भीतीही नको. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे दोन हजार चिन्हांचं पान ६ केबीच्या आसपास. मोबाइलवर काढलेला पठाराचा एकच फोटो सहज ३ एमबीचा असतो. पान रखडतं ते बऱ्याचदा असे फोटो लहान न करता चढवल्यामुळे, आणि दोष मात्र होस्टिंगला लागतो.

दराचं तसंच. जाहिरातीतला दर बहुधा पहिल्याच मुदतीचा असतो, तोही दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यास. नूतनीकरणाचा दर दुप्पट-तिप्पट असू शकतो. वर १८ टक्के जीएसटी. तुलना करायची तर नूतनीकरणाच्या दरांची करा. कुलपाच्या चिन्हासाठी, म्हणजे एसएसएलसाठी, वेगळे पैसे मोजायची सहसा गरज नाही. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं २०१५ पासून मोफत मिळतात. ‘९९.९ टक्के अपटाइम’ या हमीतही महिन्याला ४३ मिनिटं बंद राहायची मुभा आहेच.

सर्वांत घातक गैरसमज बॅकअपचा. कंपनी मोठी आहे, ती सांभाळेलच, असं आपण धरून चालतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या युरोपातल्या बड्या कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत जळून गेली. ज्यांचे बॅकअपही तिथेच होते, त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला. होस्टिंग स्वस्त असो की महाग, महिन्यातून एकदा फायली आणि डेटाबेस स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्या. होस्टिंग बदलताना अक्षरसंच चुकला तर मराठी मजकुराची नुसती प्रश्नचिन्हं उरतात. तेव्हाही हीच प्रत कामी येते.

डोमेनबद्दल, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याबद्दल, तर मी आग्रहानं सांगेन. ओळखीतला कोणी संकेतस्थळ करून देतो, डोमेनही स्वतःच्याच खात्यातून घेतो आणि पुढे नोकरीसाठी पुण्याला जातो. होस्टिंग उद्या बदलता येईल, पण डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल तर ते आपलं नाहीच. नोंदणी तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर हवी, आणि शक्यतो होस्टिंगपेक्षा वेगळ्या कंपनीकडे.

पाहुणे मुख्यतः पुण्या-मुंबईचे असतील तर सर्व्हर मुंबईत असलेला बरा. अमेरिकेतल्या सर्व्हरशी माहितीच्या प्रत्येक जा-ये फेरीला सेकंदाचा पाचवा हिस्सा किंवा जास्तच जातो. आणि पैसे भरण्याआधी शनिवारी रात्री मदत कक्षाला विचारून पाहा: बॅकअप किती दिवसांचा ठेवता, परत मिळवायला किती पैसे लागतात? उत्तर लेखी मागा.