आपत्तीआधीची तालीम

पूर, भूकंप, दुष्काळ, वीज किंवा कारखान्यातला स्फोट यांना तोंड देण्यासाठी माणसांना आधीच तयार करणे, हे आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षकाचे काम. संकट ओढवल्यावर तोच बहुधा सल्लागार होतो. तो पाहणी करतो, कुणाला कशाची गरज आहे ते ठरवतो आणि प्रशासनाला व मदत करणाऱ्या संस्थांना तसे सांगतो. या कामाला मानवतावादी म्हणतात ते त्यामागच्या एका अटीमुळे. मदत गरज पाहून द्यायची. जात, धर्म, पक्ष किंवा ओळखपाळख पाहून नाही. अट ऐकायला सोपी आहे, पण गावात टँकर आल्यावर ती पाळून दाखवणे हा या व्यवसायातला सर्वांत अवघड भाग असतो.

मराठवाड्याला हा विषय शिकवला तो किल्लारीने. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात घरदुरुस्तीची माहिती घरोघरी पोहोचवण्यासाठी गावातल्याच महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना तयार केले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तेव्हा इकडच्या महिला तिकडच्या महिलांना आपला अनुभव सांगायला गेल्या. ढिगाऱ्यातून स्वतःचे घर पुन्हा उभे केलेली बाई जे सांगते, ते कुठल्याही तज्ज्ञाच्या व्याख्यानापेक्षा लवकर पटते. मराठी मुलखातली ही पहिल्या फळीची प्रशिक्षक मंडळी म्हणायला हरकत नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने या कामाला चौकट दिली. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष त्याचे सहअध्यक्ष असतात, आणि जिल्ह्याच्या आराखड्याचा दरवर्षी फेरआढावा घ्यावा लागतो. पुण्याची यशदा ही संस्था अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी मात्र पुण्याजवळ असते. तिला मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यात पोहोचायला काही तास लागणारच, आणि ते तास गावानेच निभवायचे असतात. सगळ्या प्रशिक्षणाचा रोख त्या तासांवर हवा.

जालन्याची संकटे वेगळ्या जातीची आहेत. चक्रीवादळाच्या चित्रफिती दाखवून इथे फारसे काही साधत नाही. इथला मोठा शत्रू दुष्काळ, आणि तो पावलांचा आवाज न करता येतो. २०१२-१३ मध्ये राज्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. मोसंबीच्या वाळलेल्या बागांवर शेतकऱ्यांना कुऱ्हाड चालवावी लागली, जनावरे छावण्यांत गेली, गावे टँकरवर आली.

अशा वेळी प्रशिक्षक काय शिकवतो, ते टँकरजवळच पाहावे. टँकर विहिरीत रिकामा केला की पोहऱ्यांची झुंबड उडते. ज्या घरात दणकट हात आणि लांब दोर, त्या घराला पाणी. एकटी राहणारी म्हातारी मागे पडते, आणि कठड्यावरून तोल जाण्याची भीती वेगळीच. म्हणून पाणी नळ बसवलेल्या टाकीत घ्यायचे, वस्तीवार वेळा फळ्यावर लिहायच्या, तांड्यासाठी आणि गावाबाहेरच्या वस्तीसाठी स्वतंत्र टाकी ठेवायची. ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसे आणि घरापासून नळ ५०० मीटरच्या आत, हे आकडे धरून गावाची गरज काढता येते. जलसुरक्षकाने ओटी टेस्ट करून क्लोरीन पाहायचे असते, लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक हवे. नळीतले पाणी पिवळे झाले नाही, तर ते तसेच वाटायचे नाही.

दुष्काळाला आधी अडवता येते, हे सांगायला जालना तालुक्यातले कडवंची आहे. मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने इंडो-जर्मन कार्यक्रमातून १९९६ पासून तिथे पाणलोटाचे काम केले. बांधबंदिस्ती आणि शेततळ्यांच्या जोरावर २०१२ च्या टंचाईतही गावाने द्राक्षबागा जगवल्या. प्रशिक्षणार्थींना इथली एक शिवारफेरी घडवली, तर बरीच भाषणे वाचतील.

गावपातळीवरचा वर्ग बहुधा नकाशाने सुरू होतो. मारुतीच्या पारासमोर गावकरी रांगोळीने गाव काढतात: विहिरी, हातपंप, शाळा, ओढा, विजेची तार. मग घरे भरायची. अंथरुणाला खिळलेला माणूस कुठे, गरोदर बाई कुठे, कुणाचे घर पत्र्याचे. ऊसतोडीला गेलेल्यांची घरेही दाखवायची, कारण तिथे मागे म्हातारी माणसे आणि लेकरेच असतात. गावातली कर्ती मंडळी हा नकाशा काढतात तेव्हा तांडा अनेकदा राहून जातो. तो कुणी काढला नाही हे प्रशिक्षकाच्या लक्षात आलेच पाहिजे.

वीज हे दुसरे संकट. वळवाच्या आणि परतीच्या पावसात माणसे शेतात असतात आणि आभाळ भरून आले की झाडाखाली जातात. तेच टाळायचे. गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसतो, ही समजूत जीवघेणी आहे. त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास आणि नाडी थांबली असेल, तर लगेच छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायला हवेत. माणूस दगावलाच, तर शवविच्छेदन आणि पोलीस पंचनामा केल्याशिवाय अंत्यविधी उरकू नये, हेही सांगावे लागते. दुःखात हे राहून जाते आणि कुटुंबाची ४ लाखांची सरकारी मदत अडकते.

जालना शहराचे संकट पोलादाचे आहे. सळ्यांसाठी भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांत ओले भंगार किंवा तोंड बंद असलेले नळकांडे गेले, तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू उसळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यातील स्फोटात अनेक कामगार भाजले. भंगार निवडणारे हात बरेचदा कंत्राटी आणि परप्रांतीय कामगारांचे असतात. त्यांचा वर्ग हिंदीत आणि भंगाराच्या ढिगापाशीच घ्यायला हवा. भाजल्यावर हळद किंवा टूथपेस्ट लावायची नाही. वीस मिनिटे साधे वाहते पाणी, एवढे जरी पक्के बसले तरी जखम चिघळण्याचा धोका कमी होतो.

गोदाकाठी, अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांत, पुराची तयारी लागते. जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडल्याची सूचना क्युसेकमध्ये येते, आणि तो आकडा घरी बसलेल्या माणसाला काही सांगत नाही. ऑगस्ट २००६ किंवा सप्टेंबर २०२५ च्या पुरात पाणी कुठवर आले होते, ते गावातल्या जाणत्यांना विचारून देवळाच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर खुणा रंगवल्या की विसर्गाच्या आकड्याला जागा मिळते. मग रंगीत तालीम: भोंगा कोण वाजवणार, दावी कोण सोडणार, ट्रॅक्टर कुणाचा. ठरलेल्या ट्रॅक्टरची चावी मालकाबरोबर बाजाराला गेल्याचे तालमीत कळते. ते तिथेच कळलेले बरे.

वर्ग संपला तरी काम संपत नाही. तलाठी, ग्रामसेवक बदलून जातात, फोन नंबर बंद पडतात, पारावर शिकलेली पोरे पुण्याला कामाला लागतात. त्यामुळे मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, आराखड्यातला प्रत्येक नंबर फिरवून पाहणे, गेलेल्यांच्या जागी नवी माणसे नेमणे आणि त्यांना पुन्हा शिकवणे, हा दरवर्षीचा भाग आहे.