'सँक्शन' म्हणजे मंजुरी की बंदी?

बँकेचे कर्ज 'सँक्शन' झाले, ही व्यापारी घरातील आनंदवार्ता. तोच शब्द परदेशी बँकेच्या पत्रात आला की मात्र काळजात धस्स होते. कारण तेथे 'सँक्शन्स' म्हणजे निर्बंध. जी-७ राष्ट्रे व युरोपीय संघ यांनी १ जानेवारी २०२४ पासून रशियन हिऱ्यांच्या थेट आयातीवर बंदी घातली. रशियन कच्च्या हिऱ्याला अन्य देशात पैलू पाडले, तरी एक कॅरट वा त्याहून मोठ्या नगांना १ मार्चपासून तीच बंदी लागू होऊ लागली. सुरत-मुंबईच्या हिरेबाजारात या शब्दाचा दुसरा अर्थ आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

या दोन्ही अर्थांचे मूळ एकच आहे. विधिपूर्वक पवित्र व बंधनकारक ठरविणे, या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून हा शब्द आला. कायद्याचे बळ एका बाजूने संमती देते, तर दुसऱ्या बाजूने मोडणाऱ्याला दंड करते. शब्दाने दोन्ही बाजू आपल्याजवळ ठेवल्या.

'क्लीव्ह'ची कथा याच्या उलट आहे. या शब्दाचा अर्थ दुभंगणे असाही होतो आणि घट्ट चिकटून राहणे असाही. प्राचीन इंग्रजीत ही दोन निरनिराळी क्रियापदे होती. काळाच्या ओघात त्यांचे उच्चार व लेखन एक झाले, अर्थ तेवढे वेगळे राहिले. हिरे व्यवसायाने यांतला पहिलाच अर्थ उचलला. ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे जोसेफ अ‍ॅशर यांनी फोडला, ते 'क्लीव्हिंग'च होते.

'ओव्हरसाइट' हा शब्द मला सर्वांत फसवा वाटतो. त्याचा एक अर्थ देखरेख, दुसरा नजरचूक. संचालकांच्या 'ओव्हरसाइट'विषयी एखाद्या अहवालात वाचावे, तर त्यांनी लक्ष ठेवले की त्यांच्याकडून लक्ष सुटले, हे पुढचे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. 'आउटस्टँडिंग' मुलाच्या प्रगतिपुस्तकात शोभते, खातेवहीत ती थकबाकी असते.

काही वेळा समुद्र ओलांडताच अर्थ फिरतो. एखादा प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे, अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, डिसेंबर १९४१ मध्ये सुरू झालेल्या वॉशिंग्टन येथील बैठकीत, याच शब्दावरून दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांत बराच वेळ कडवट वाद झाला. ब्रिटिशांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचे होते आणि अमेरिकनांनाही ते लांबणीवर पडायला नको होते! चर्चिल यांनी हा प्रसंग आपल्या युद्धस्मृतींत नोंदविला आहे.

'बायवीकली'ने कोणाचा जीव जात नाही, पण पैसे अडकतात. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे त्याचे दोन्ही अर्थ शब्दकोशांना मान्य आहेत. हप्त्यांच्या करारात तो शब्द टाळून सरळ तारखा घालाव्यात. इंग्रजीत घरमालक घर 'रेंट' करतो आणि भाडेकरूही 'रेंट'च करतो; आपण भाड्याने देतो किंवा भाड्याने घेतो, एवढी सोय मराठीने करून ठेवली आहे.

अर्थात, मराठीही यातून सर्वस्वी सुटलेली नाही. रात्री दुकान 'वाढवून' घरी येणारा व्यापारी शाखा काढून आलेला नसतो. बंद करणे, विझवणे, फुटणे हे अशुभ शब्द तोंडातून निघू नयेत, म्हणून दिवा वाढवला जातो, बांगडी वाढते. इंग्रजीतला गोंधळ बहुधा इतिहासाने घातला, हा मात्र आपण समजून-उमजून स्वीकारला. 'परवा'चेही तसेच. 'परवा माल आला' आणि 'परवा माल येईल' यांत क्रियापद आपल्याला तारून नेते. पण घाईत लिहिलेल्या चिठ्ठीत नुसते 'पैसे परवा' एवढेच असले, तर दिले की देणार, हे विचारायला माणूस पाठवावाच लागतो.