तिकिटाचे वय आणि रंगाची छटा

सोलापुरातील एखाद्या जुन्या पेढीच्या दप्तरातून टपाली पाकिटांचा गठ्ठा निघाला, तर त्यावरील तिकिटांचा काळ ठरविताना राजाराणीच्या मुखचित्राइतकीच रंगाची साक्षही मोलाची ठरते. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत जांभळट तपकिरी असलेले एक आण्याचे तिकीट, जागतिक टपाल संघाच्या रंगसंकेतास अनुसरून, १९०० साली किरमिजी झाले, अर्ध्या आण्यास पिवळसर हिरवा रंग मिळाला, आणि पुढे १९२२ मध्ये पंचम जॉर्जचे एक आण्याचे किरमिजी तिकीट चॉकलेटी करण्यात आले.

हे झाले सरकारी हुकुमाने घडलेले बदल. छटांचे प्रकरण मात्र अधिक नाजूक आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या छपाईत प्रत्येक वेळी शाई नव्याने घोटली जात असल्यामुळे एकाच तिकिटाच्या गडद व फिकट अशा अनेक छटा संभवतात, तथापि प्रत्येक फिकटपणा छापखान्यातला नसतो. येथील प्रखर ऊन रंग उडविते, काही शाया पाण्यात विरघळतात, आणि शिशाचा अंश असलेला नारिंगी रंग गंधकयुक्त हवेने काळवंडतो. अशा काळवंडलेल्या तिकिटास दुर्मिळ छटा म्हणून विकणारे महाभाग आढळतात. सुताच्या रंगावर नजर बसलेल्या या गिरणगावात तरी कोणी फसू नये!

परीक्षा दिव्याखाली न करता दिवसाच्या सौम्य उजेडात, तारखेचा सुवाच्य शिक्का असलेल्या तिकिटाशेजारी ठेवून करावी, आणि असा शिक्का पाकिटावर असेल तर तिकीट सोडविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.