साखरेतले तीन बदल

गळीत हंगाम सुरू झाला की माजलगाव परिसरात उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्यांकडे धावू लागतात. सिंदफणेच्या पाण्यावर पोसलेल्या या उसातून जी साखर निघते, तिला रसायनशास्त्रात सुक्रोज म्हणतात. याच सुक्रोजपासून तिच्याहून सुमारे ६०० पट गोड पदार्थ बनतो: सुक्रालोज. आणि तो सापडला एका भारतीय संशोधकाच्या जिभेवर!

गोष्ट १९७६ची, लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजातली. टेट अँड लाइल या साखर कंपनीला साखरेचे नवे औद्योगिक उपयोग हवे होते. प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस साखरेच्या रेणूत क्लोरिन बसवत होते. एका पावडरीची चाचणी घ्यायला सांगितले गेले. इंग्रजीतले ते ‘टेस्ट’ फडणीसांना ‘चाखून बघ’ असे ऐकू आले. त्यांनी ती खरोखरच चाखली, आणि ती कमालीची गोड निघाली.

अनोळखी रसायन चाखणे म्हणजे जिवाशी खेळ. तरी आधीचे कृत्रिम गोडवेही असेच चुकून सापडले: १८७९मध्ये सॅकरिन रसायनतज्ज्ञ फालबर्ग यांच्या हाताला लागून जेवणात उतरले होते, आणि १९६५मध्ये रसायनतज्ज्ञ श्लॅटर यांनी बोट चाटल्यावर अ‍ॅस्पार्टेमची गोडी कळली होती.

आता रेणूकडे जवळून पाहू. सुक्रोजमध्ये ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या असतात. त्यांतल्या ठरावीक तीन काढून तिथे क्लोरिनचे अणू बसवले की झाले सुक्रालोज. एवढ्याशा फेरफाराने जिभेवरचे गोडीचे ग्राहक जास्तच चेततात. आतड्यातली विकरे मात्र हा रेणू फोडू शकत नाहीत. बहुतेक सुक्रालोज न पचता बाहेर पडते. गोडी मिळते, ऊर्जा जवळजवळ नाही!

सहा ग्रॅम साखरेची गोडी यायला ते जेमतेम १० मिलिग्रॅम पुरते. एवढीशी पूड चिमटीत कशी धरणार? म्हणून पुडीत बहुतांश भर दुसऱ्याच पदार्थाची असते.

कॅनडाने १९९१मध्ये आणि अमेरिकेने १९९८मध्ये सुक्रालोजला परवानगी दिली. पण वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये दिला आहे. साखर टाळावी लागणाऱ्याला गोड चहाचा घोट मिळतो, हे या शोधाचे मोठे देणे. जेवणाखाण्याची शिस्त मात्र आपली आपणच पाळायची.